मारामारोश: शिरगणतीत हरवलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मारामारोश नावाचा एक जिल्हा होता. नाव ऐकून हसू आलं असेल, पण त्याचा मारामारीशी काही संबंध नाही. हंगेरीच्या राज्यातला हा ईशान्येकडचा मुलूख. कार्पेथियन डोंगर, तिसा नदीचं वरचं खोरं, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरहून मोठा विस्तार. जंगल अफाट, शेती जेमतेम. खरी दौलत होती जमिनीखालचं मीठ. मिठाचा मक्ता सरकारचा. डोंगरात झाडं तोडायची, ओंडके बांधून तराफे करायचे आणि त्यांवरच मीठ लादून तिसेतून खाली मैदानात सोडायचं. एका फेरीत लाकूडही पोहोचायचं आणि मीठही.

कारभार चालायचा सिगेत या गावातून. जिल्ह्याला वरिष्ठ दोन. एक सरकारने नेमलेला, राजधानीचा माणूस. दुसरा जिल्हा सभेने निवडलेला, आणि रोजचा गाडा हाच ओढायचा. खाली तालुक्यातालुक्यात अंमलदार. खेडुताच्या दृष्टीने सरकार म्हणजे हाच माणूस.

जिल्हा सभा निवडलेली होती म्हटल्यावर लोकशाही वाटेल. पण 1870 च्या कायद्याने तिच्यातल्या निम्म्या जागा सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांना ठेवल्या होत्या. त्यांना निवडून यायची गरजच नव्हती! वकील, डॉक्टर अशा शिकलेल्यांनी भरलेला कर यादी करताना दुप्पट धरायचे. जंगलात कुऱ्हाड चालवणाऱ्याला त्या सभेत कोण विचारणार?

आता माणसांकडे वळू. 1910 च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या भरली 3 लाख 57 हजारांच्या वर. मातृभाषेप्रमाणे रुथेनी, म्हणजे ज्यांना आज बहुतेक युक्रेनी म्हणतात ते, 1 लाख 59 हजार. रोमानियन साडेचौऱ्याऐंशी हजार. जर्मन साडेएकोणसाठ हजार. आणि हंगेरियन जेमतेम 53 हजार, सातात एक. कचेरीची भाषा मात्र याच सातव्या माणसाची.

यातला जर्मनांचा आकडा मला फार बोलका वाटतो. या डोंगरात इतके जर्मन आले कुठून? लाकूडतोडीसाठी ऑस्ट्रियातून आणून वसवलेली काही जर्मन कुटुंबं होती खरी, पण ती थोडी. त्याच शिरगणतीत धर्माचाही रकाना होता, आणि तिथे ज्यू भरले 65 हजारांवर. त्यांच्या घरात बोलली जायची यिडिश, म्हणजे जर्मनशी जवळचं नातं असलेली ज्यूंची भाषा. यिडिशला वेगळा रकानाच नव्हता, ती जर्मनमध्ये धरली जायची. म्हणजे कागदावरचे बरेचसे जर्मन हे मारामारोशचे ज्यू होते. त्यांतले काही हंगेरियन भाषकांतही मोजले गेले. जिल्ह्यात दर पाच-सहा माणसांमागे एक ज्यू, पण भाषेच्या तक्त्यात त्यांचा पत्ता नाही.

धर्माचा रकानाही साधा नव्हता. रुथेनी आणि रोमानियन लोक बहुतेक ग्रीक कॅथलिक. विधी पूर्वेचे, पण पोप रोमचा मानायचा. काही रुथेनी खेड्यांनी ठरवलं, आपण पुन्हा ऑर्थोडॉक्स व्हायचं, म्हणजे पोपला न मानणाऱ्या, रशियातही चालणाऱ्या पूर्वेच्या ख्रिस्ती पंथात जायचं. सरकारला त्यात रशियाचा हात दिसला. 1913 च्या अखेरीस सिगेतमध्ये खटला उभा राहिला. आरोपी नव्वदहून अधिक, त्यांत बरेच साधे शेतकरी. 1914 मध्ये कित्येकांना शिक्षा झाल्या. प्रार्थना कुठल्या पद्धतीने करायची हा प्रश्न राजद्रोहापर्यंत गेला, आणि महायुद्ध तर अजून सुरूही व्हायचं होतं.

युद्धानंतर साम्राज्य मोडलं. 1920 च्या त्रियानोन तहाने जिल्ह्याची कायमची वाटणी केली. तिसेच्या उत्तरेचा मोठा भाग चेकोस्लोव्हाकियाला, दक्षिणेचा रोमानियाला. सिगेत रोमानियात गेलं आणि त्याच्या समोरच्या तीरावरची स्लातिनाची मीठखाण दुसऱ्या देशात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीने दोन्ही भाग परत घेतले. मग 1944 च्या वसंतात, जर्मन सैन्य हंगेरीत शिरल्यावर, ज्यूंच्या याद्या झाल्या. या वेळी यिडिश की जर्मन, हे कुणी विचारलं नाही. हंगेरीचेच अधिकारी आणि शिपाई त्यांना वस्त्यांत कोंडायला पुढे होते. मे महिन्यात सिगेतमधून आगगाड्या आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीकडे निघाल्या. पुढे नोबेल मिळवणारे एली वीझेल तेव्हा पंधरा वर्षांचे होते, तेही याच गावचे.

आज उत्तरेचा भाग युक्रेनमध्ये आहे. रोमानियात मारामुरेश नावाचा जिल्हा आहे, पण त्याचं मुख्य ठाणं सिगेत नाही, बाया मारे आहे. आणि गंमत अशी की जुन्या मारामारोशच्या हद्दीत हे शहर कधी नव्हतंच. ते शेजारच्या सात्मार जिल्ह्यात मोडायचं.