प्रभागांची निवड आणि आर-युनिफ

नमस्कार श्रोतेहो. मुंबई महापालिकेचे प्रभाग 227. पहिला दहिसरला, शेवटचा कुलाब्याला. समजा, पाणीपुरवठ्याच्या पाहणीसाठी त्यातले 20 निवडायचे आहेत आणि कोणाचा वशिला चालू द्यायचा नाही. संख्याशास्त्राची माणसं अशा वेळी 'आर' ही संगणकभाषा उघडतात. ती कोणालाही फुकट मिळते.

तिच्यात 'आर-युनिफ' नावाचं फंक्शन आहे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकडे काढून देणारी तयार आज्ञा. आकडे किती हवेत, कुठून कुठपर्यंत, एवढं सांगायचं. हद्द सांगितलीच नाही, तर शून्य आणि एकच्या मधले अपूर्णांक मिळतात. त्या पट्ट्यातल्या सारख्या लांबीच्या प्रत्येक तुकड्याला सारखीच संधी.

आता नीट ऐका, कारण पुष्कळ जण इथेच घसरतात. हद्द 1 ते 227 द्यायची आणि आलेला अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर न्यायचा, की झालं काम, असं वाटतं. पण दोन नंबरच्या प्रभागाच्या वाट्याला दीड ते अडीच असा अख्खा तुकडा येतो. एक नंबरला मात्र एक ते दीड, म्हणजे अर्धाच. 227ची तीच गत. दहिसर आणि कुलाब्याची संधी निम्म्यावर! यादी बघून हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हद्द 0 ते 227 ठेवा आणि अपूर्णांक कायम वरच्या पूर्णांकावर न्या. मी तर म्हणेन, सरळ यादीतून निवड करणारं 'सॅम्पल' हे फंक्शन वापरा. वेगळं सांगितल्याशिवाय ते एकच प्रभाग दोनदा उचलत नाही.

हे आकडे सूत्रातून निघतात, बरं का. 'आर' एरवी मर्सेन ट्विस्टर ही पद्धत वापरते. जपानच्या मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी ती 1998 साली प्रसिद्ध केली. तिचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी इतके आकडे निघतात, की ती संख्या लिहायला 6002 अंक लागतील.

सूत्र असल्यामुळेच पडताळणी करता येते. 'सेट डॉट सीड'ला एखादा आकडा, म्हणजे बीज, दिलं की तीच यादी कोणालाही पुन्हा काढता येते. फक्त 'आर'ची आवृत्ती लिहून ठेवा. 2019 साली आलेल्या 3.6.0पासून 'सॅम्पल'ची रीत बदलली आहे. आणि बीज यादी काढण्याआधीच, चारचौघांसमोर ठरवा. मनाजोगते प्रभाग येईपर्यंत कोणी गुपचूप बीजं बदलत बसला, तर ते यादीवरून ओळखता येणार नाही.