लाईट आली, जरा थांबा

(दृश्य: जुळे सोलापूर, मे महिन्यातली दुपार. हॉलमधला पंखा मंदावत थांबतो. शोकेसवर गाण्याच्या सेटची चार उपकरणं, चारही दिवे विझलेले.)

लाईट गेली की घर शांत होतं. ती परत येते तेव्हा मात्र या हॉलमध्ये पंखा फिरायच्या आधी एक आवाज येतो.

(आवाज: धप्प. वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा, कोन पुढे उसळतो. तेच दृश्य पुन्हा, संथ गतीने.)

इथे सगळं एकाच डब्यात मावणारा सेट नाही. सीडी प्लेअर, डीएसी, प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प, सगळे सुटे. डीएसी सीडीवरच्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करतो, प्रीअ‍ॅम्प काय आणि किती मोठ्याने वाजवायचं ते ठरवतो, पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवायचा जोर देतो. प्रत्येकाला स्वतःचं बटण, आणि प्रत्येकाला जागं व्हायला लागणारा वेळही वेगळा. लाईट आली तेव्हा चौघं एकाच क्षणी उठले आणि त्याचा मार वूफरने खाल्ला.

ही धप्प येते कुठून? प्रीअ‍ॅम्पमधून सिग्नल बाहेर पडतो त्या वाटेवर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, असतात. वीज मिळाली की ते भरायला लागतात. आतली व्होल्टेजं जागेवर बसायला थोडा वेळ घेतात. तोवर बाहेरच्या पिनेवर जे येतं ते गाणं नसतं, नुसता विजेचा धक्का असतो. समजा, तो एक व्होल्टचा आहे. पॉवर अ‍ॅम्प आलेलं व्होल्टेज साधारण २० ते ३० पट करतो. २८ पट धरा. स्पीकरच्या टोकांवर २८ व्होल्ट. आठ ओहमच्या स्पीकरवर याचे होतात ९८ वॅट, तेही सलग एकाच दिशेने ढकलणारे. कोन पूर्ण ताणला जातो, आतली कॉइल मागच्या लोखंडावर आदळू शकते. ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, यातून बराच वाचतो, कारण त्याच्या वाटेत क्रॉसओव्हरचा (वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर असतो. वूफरला तसा आडोसा नाही.

त्यामुळे पॉवर अ‍ॅम्प शेवटी चालू करायचा आणि सर्वांत आधी बंद करायचा. बाकीचे उठत असताना किंवा झोपत असताना तो जागा नको.

(दृश्य: हात एकेक बटण दाबतो.)

चालू करताना आवाजाचं बटण तळाला आणा. मग सीडी प्लेअर, डीएसी, रेकॉर्ड प्लेअर, जे काही वाजवायचं असेल ते. मग प्रीअ‍ॅम्प. आता वीसपर्यंत आकडे मोजा. मग पॉवर अ‍ॅम्प. सबवूफरला, म्हणजे अगदी खालच्या सुरांच्या वेगळ्या स्पीकरला, स्वतःची वीजजोडणी असेल तर त्याच्या पोटात अ‍ॅम्पच बसलेला आहे हे विसरू नका. त्याचा नंबर पॉवर अ‍ॅम्पच्या बरोबरीने, शेवटी.

आवाज शून्यावर ठेवला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते निम्मंच खरं आहे. प्री आणि पॉवर एकाच डब्यात असलेल्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पमध्ये सीडी प्लेअरचा धक्का आवाजाच्या बटणापाशी अडतो, म्हणून तिथे एवढ्यावर भागतं. पण वेगळ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये बटणाच्या पुढेही एक टप्पा असतो. धक्का त्या टप्प्यातच जन्मला, तर मागचं बटण शून्यावर असून उपयोग काय?

अ‍ॅम्प चालू केल्यावर दोन-पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा स्विच. तोवर त्याने स्पीकर तोडून ठेवलेले असतात. ही सोय चांगली आहे, पण ती अ‍ॅम्पच्या स्वतःच्या सुरुवातीपुरती. रिले जुळल्यानंतर कुणी प्रीअ‍ॅम्पचं बटण खाली-वर केलं तर धक्का थेट स्पीकरपर्यंत जातो. संरक्षणाचं सर्किट साधारणपणे टिकून राहिलेला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, ओळखतं. क्षणभराचा धक्का त्याच्या नजरेतून सुटतो.

बंद करताना उलटा क्रम, आणि इथे घाई सर्वांत जास्त नडते. गाणं थांबवा, आवाज खाली, सबवूफर आणि पॉवर अ‍ॅम्प बंद. मग अर्धा मिनिट थांबा. अ‍ॅम्पमधले मोठे कपॅसिटर, १०,००० मायक्रोफॅरडचे किंवा त्याहून मोठे, बटण बंद झाल्यावरही भरलेलेच असतात आणि त्यांच्या जोरावर काही अ‍ॅम्प कित्येक सेकंद वाजत राहतात. खात्री करायची असेल तर अगदी हळू आवाजात गाणं चालू ठेवून अ‍ॅम्प बंद करा. गाणं लगेच तुटलं तर रिलेने काम केलं. हळूहळू फाटत विरत गेलं तर तुमच्या अ‍ॅम्पला तितका वेळ द्यायला हवा. त्यानंतर प्रीअ‍ॅम्प, शेवटी बाकीचे.

(दृश्य: एकच लाल बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड. त्यात चार पिना.)

हा बोर्ड या सगळ्या शिस्तीवर पाणी फिरवतो. एक बटण, चारही उपकरणं एकदम चालू, एकदम बंद. त्याऐवजी दोन बोर्ड घ्या. एकावर प्लेअर, डीएसी, प्रीअ‍ॅम्प. दुसऱ्यावर पॉवर अ‍ॅम्प आणि सबवूफर. दोन्ही शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावा. एक या भिंतीवर आणि दुसरा पलीकडच्या खोलीत नको, नाहीतर दोन वेगळ्या अर्थिंगच्या वाटांमुळे स्पीकरमधून बारीक घूं सुरू होईल. बोर्डात बोर्ड खुपसायचा नाही.

आता पुन्हा लाईटकडे. आपल्याकडे बटण बंद करायचं काम निम्म्या वेळा आपण करतच नाही, वीज करते. डाळिंबाच्या बागेतल्या पंपाला स्टार्टर असतो. लाईट गेली की तो पडतो, आणि ऑटो स्विच बसवलेला नसेल तर परत आल्यावरही हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पंपाला ही सोय आहे, हजारो रुपयांच्या अ‍ॅम्पला बऱ्याचदा नाही. ज्याचं बटण खटक्याचं आहे तो लाईट येताच धावत सुटतो. मऊ बटणाचे, स्टँडबायवाले बरेच अ‍ॅम्प झोपलेलेच राहतात. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते एकदा, स्पीकरच्या तारा काढून, बोर्डाचं बटण बंद-चालू करून पाहून ठेवा.

म्हणून लाईट गेली की पहिला हात पॉवर अ‍ॅम्पच्या बटणाकडे जायला हवा. मेणबत्ती नंतर. आणि लाईट आली की दोन मिनिटं पंख्याकडे बघा. एलईडी बल्बवर जाऊ नका, तो कमी-जास्त व्होल्टेजमध्येही सारखाच दिसतो. पंखा नेहमीपेक्षा पिसाट फिरत असेल तर डीपीवरचं न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटलेलं असू शकतं. अशा वेळी २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढतं. मेन स्विच पाडा, वायरमनला बोलवा. क्षणभर जाऊन लगेच येणारी लाईट तर आणखी वाईट. कपॅसिटर अर्धे रिकामे, प्रीअ‍ॅम्प गोंधळलेला, आणि अ‍ॅम्प सगळ्यांच्या आधी तयार.

अ‍ॅम्प चालू करताच एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडते, ही तक्रारही नेहमीची. अ‍ॅम्पमध्ये दोष असेलच असं नाही. मोठा टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. ६ अँपिअरची बी प्रकारची एमसीबी १८ ते ३० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडते. सी प्रकारची ३० ते ६० च्या दरम्यान. उपाय म्हणून १६ किंवा २० ची एमसीबी बसवू नका, कारण मागची तार तितकी जाड नसते आणि जळेल ती तार. वायरमनकडून त्याच अँपिअरची सी प्रकारची बसवून घ्या, किंवा जाणकाराकडून अ‍ॅम्पला सॉफ्ट स्टार्ट. सॉफ्ट स्टार्ट म्हणजे तो पहिल्या क्षणाचा करंट अडवणारी सोय. त्यात थर्मिस्टर (थंड असताना करंट अडवणारा भाग) असेल तर बंद केल्यावर किमान मिनिटभर थांबूनच पुन्हा चालू करा. तो गरम असताना अडवायचं काम करत नाही.

(दृश्य: आरसीए पिन, म्हणजे उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या तारेचं टोक, जवळून.)

तारा जोडताना किंवा काढताना अ‍ॅम्प बंदच. आरसीए पिनेचा मधला दांडा बाहेरच्या कड्याच्या आधी टेकतो. त्या मधल्या क्षणात अर्थ नसतो, आणि अ‍ॅम्प चालू असेल तर ५० हर्ट्झची डरकाळी पूर्ण जोरात फुटते. रेकॉर्ड प्लेअरची सुई तर जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते. तिच्या वाटेवर हीच चूक शंभर पट मोठी होऊन ऐकू येते. सुई तबकडीवर टेकेपर्यंत आवाज खालीच असू द्या.

घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प असेल तर एक वेगळा नियम: स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करायचा नाही. बिनलोडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत ठिणगी पडून जातो.

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट. अ‍ॅम्पच्या झाकणाच्या फटींत अडकलेले पांढरे तंतू.)

पूर्व भागातल्या घरांत सुताचे तंतू हवेत असतातच. ते फटींत बसतात, वारा कोंडतो. पारा चाळिशीपार आणि अ‍ॅम्प बंद शोकेसमध्ये, म्हणजे त्याला भट्टीत ठेवण्यासारखंच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान वाढलं की दर दहा अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. वर चार-पाच इंच मोकळं सोडा, त्यावर सोलापुरी चादर कितीही शोभली तरी अंथरू नका. महिन्यातून एकदा पिन काढून कोरड्या मऊ ब्रशने बाहेरून झाडा. झाकण उघडू नका, त्या कपॅसिटरमधली वीज पिन काढल्यावरही झटका देते.

आणि वळिवाचे ढग दाटले की बटण बंद करून भागत नाही. बटणाच्या आतली फट काही मिलिमीटरची, वीज किलोमीटरभर हवा ओलांडून आलेली. पिन सॉकेटमधून बाहेर, आणि टीव्हीची केबल सेटला जोडलेली असेल तर तीही.

(दृश्य: रात्र. बाहेर गडगडाट. पॉवर अ‍ॅम्प बंद होतो, त्याचा दिवा हळूहळू मंदावतो. घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा घेतो. प्रीअ‍ॅम्प बंद. सीडी प्लेअर बंद. एक पिन निघते, मग दुसरी. स्पीकर गप्प.)