गोडाचा चौरंग मांडताना

नमस्कार, श्रोतेहो.

घरगुती समारंभात जेवणानंतर प्रत्येकाच्या हातात गोडाची वाटी देण्याऐवजी, एका रुंद लाकडी फळीवर दहाबारा प्रकारचे गोड पदार्थ, फळे आणि सुकामेवा एकत्र मांडावा आणि ज्याला जे हवे ते त्याने स्वतःच्या हाताने उचलावे, अशी पद्धत आता शहरांतून लहान गावांपर्यंत पोहोचली आहे. डेझर्ट बोर्ड या नावाने ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. अशी मांडणी आपल्या घरात, आपल्या हवेत आणि आपल्या पाहुण्यांसाठी कशी करावी, याविषयी मी आज बोलणार आहे. ‘आपल्या पाहुण्यांसाठी’ हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण पदार्थ जमवणे सोपे असते आणि खरी अडचण पाहुणे आल्यावर सुरू होते.

प्रथम फळीविषयी. बाजारातून खास फळी विकत आणण्याची गरज नाही. घरातील सागवानी चौरंग किंवा जेवणाचे मोठे पाट स्वच्छ पुसून, त्यावर केळीचे पान घातले की काम होते. पान आधी मंद आचेवर हलकेच फिरवून घ्यावे, म्हणजे ते नरम पडते आणि कडेला फाटत नाही. कांदा-लसूण चिरण्याची फळी मात्र कितीही घासली तरी वापरू नये, कारण तिचा वास पेढ्याला लागल्याशिवाय राहत नाही. वीस माणसांसाठी दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा पुरते. पोटभर जेवणानंतर माणशी चार ते पाच लहान तुकडे पुरेसे होतात, म्हणजे सगळे मिळून ऐंशी ते शंभर. मी लहान तुकडे म्हटले, हे कृपया लक्षात घ्यावे. पूर्ण आकाराचा बुंदीचा लाडू ठेवला, तर पाहुणा एक तर त्याला वळसा घालून पुढे जातो किंवा अर्धा खाऊन उरलेला ताटलीत सोडतो. लाडू वळायचेच असतील तर लिंबाहून लहान वळावेत.

पदार्थ निवडताना सगळेच मऊ किंवा सगळेच कुरकुरीत असू नयेत. चिरोटे, शंकरपाळे, नारळाची वडी आणि चिक्की हा कोरडा गट; साताऱ्याचे कंदी पेढे, बेळगावचा कुंदा, वाट्यांतील श्रीखंड किंवा बासुंदी हा दुधाचा गट; आणि त्यांच्या सोबतीला काहीतरी आंबट व काहीतरी खारट असलेच पाहिजे. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या, त्यापुढे नाशिकची द्राक्षे आणि उन्हाळ्यात आंबापोळी ही आंबटाची जागा भरून काढतात. खारटासाठी खारे पिस्ते किंवा मूठभर पातळ पोह्यांचा चिवडा चालतो. चौथ्या गोड घासाला जीभ थकते, आणि दोन खारे पिस्ते तिला पुन्हा जागे करतात. येथे माझे एक मत सांगून टाकते. चांदीच्या वर्खाला ना चव, ना वास. तरीही काजूकतलीवरचा वर्ख जरा फाटला की यजमानीण खट्टू होते, हे मला आजवर उमगलेले नाही. तीच गोष्ट केशरी रंगाच्या आम्रखंडाची. असा रंग कोणत्याही आंब्याचा नसतो.

आता मांडणीचा मुख्य नियम, आणि तो मी दोनदा सांगणार आहे. कोरडे पदार्थ ओल्यापासून दूर ठेवावेत आणि दुधाचे पदार्थ सर्वांत शेवटी बाहेर काढावेत. गूळ आणि साखर हवेतील ओलावा ओढून घेतात, म्हणून श्रावणात चिक्की उघडी ठेवली की थोड्याच वेळात चिकट होते. आणि चिरलेल्या फळाचा रस चिरोट्यापर्यंत पोहोचला, तर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. दुधाचे नाशवंत पदार्थ शीतकपाटाबाहेर दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नयेत, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा अधिक ठेवू नयेत. पुन्हा सांगते: कोरडे ओल्यापासून दूर, दुधाचे सर्वांत शेवटी, आणि उन्हाळ्यात त्याला एकच तास.

हा एक तास किती लहान असतो, ते मी मिरजेला माझ्या मावशीच्या घरी पाहिले आहे. मावशीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या काकांची, पंचाहत्तरी होती. वैशाख महिना होता आणि गच्चीवर संध्याकाळचा कार्यक्रम ठरला होता. मावशीची सून, माझी वहिनी, हिचे माहेर म्हापशाचे. तिने गोडाची जबाबदारी आपणहून अंगावर घेतली आणि असा एक चौरंग मांडण्याचे ठरवले. मावशीची त्या भागातील ख्याती अशी की, एके काळी गल्लीतील निम्म्या मुलींचे रुखवत तिच्या देखरेखीखाली मांडले गेले होते. त्यामुळे सासू-सुनेत आता जुंपणार, अशी आम्हा भाचरांची खात्री होती. प्रत्यक्षात मावशीने एकच प्रश्न विचारला, “लोक हे बघणार की खाणार?” वहिनी म्हणाली, “आई, दोन्ही.” मावशीने मान डोलावली आणि विषय तिथे संपला.

वहिनीने मांडणी खरोखर देखणी केली होती. मधोमध चिरोट्यांचा मनोरा होता. त्याच्या एका अंगाला नारळाच्या वड्यांची चंद्रकोर, दुसऱ्या अंगाला नरसोबाच्या वाडीचे पेढे आणि कवठाची बर्फी, आणि पुढच्या बाजूला तिच्या आईने म्हापशाहून करून आणलेली बेबिंका होती. नारळाचे दूध, अंड्यातील पिवळा बलक, मैदा, साखर आणि तूप यांचा एकेक थर वरून आच देऊन शिजवायचा आणि तो झाल्यावरच पुढचा ओतायचा, अशी ही चिकाटीची मिठाई आहे. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते माझ्या मते फार उशिरा मिळाले. वाडीची बासुंदी मातीच्या लहान बोळक्यांत भरली होती आणि ती बोळकी बर्फ घातलेल्या परातीत बसवली होती.

मावशीने त्या मांडणीत तीन बदल केले आणि एकाचीही चर्चा होऊ दिली नाही. पहिला बदल चॉकलेटचा. परदेशातील भाच्याने आणलेली चॉकलेटे वहिनीने कडेने रचली होती. मावशीने ती डब्यासह शीतकपाटात परत ठेवली. चॉकलेट साधारण ३४ अंशांना वितळते, आणि त्या संध्याकाळी गच्चीच्या फरशीवर अनवाणी उभे राहवत नव्हते. दुसरा बदल फुलांचा. सजावटीसाठी कोणीतरी गुलाबी कण्हेरीच्या डहाळ्या आणून पेढ्यांच्या मधून खोवल्या होत्या. मावशीने त्या काढल्या, त्यांना टेकलेले पेढेही बाजूला केले आणि हात साबणाने धुतले. कण्हेरीचे फूल, पान, चीक, सगळेच विषारी असते, तेव्हा खाण्याच्या पदार्थांजवळ तिला अजिबात जागा नाही. तिसरा बदल मला सर्वांत आवडला. चौरंगाचे चारही पाय तिने पाण्याने भरलेल्या चार वाट्यांत उभे केले. जुन्या घरांत दुधाच्या कपाटाचे पाय असेच पाण्यात ठेवलेले असत, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. मिरजेच्या मुंग्यांना त्या संध्याकाळी उपास घडला.

साडेसहाला परात बाहेर आली आणि पाहुणे चौरंगाभोवती जमले. काकांचे जुने सहकारी, शेजारपाजारची मंडळी, वहिनीचे माहेरचे लोक, सगळे होते. प्रत्येकाने भ्रमणध्वनी काढून छायाचित्र घेतले, “फार सुंदर केलंय हो, कुणी केलं?” असे विचारले, आणि दोन पावले मागे सरून हात पाठीशी बांधले. एका बाईने आपल्या नातवाला “लांबून बघ, हात लावू नकोस,” म्हणून दटावले. कोणी म्हणे, आधी तुम्ही घ्या. समोरचा म्हणे, छे छे, आधी तुम्ही. या आग्रहाच्या टोलवाटोलवीत अर्धा तास गेला. परातीत बर्फाचे पाणी झाले होते आणि बासुंदीच्या तासापैकी निम्मा संपला होता. वहिनी एकेकाला ताटली देऊ पाहत होती, आणि ताटली घेऊन माणूस पुन्हा तसाच उभा राहत होता.

मावशी स्वयंपाकघरातून चिमटा आणि सुरी घेऊन आली. तिने चिरोट्यांच्या मनोऱ्याचा सर्वांत वरचा चिरोटा उचलला आणि सगळ्यांच्या देखत हातानेच मोडला, तेव्हा त्याचे पापुद्रे खाली पेढ्यांवर पडले. मग वड्यांच्या चंद्रकोरीतून चार वड्या काढून तिला खिंडार पाडले. वहिनीचा चेहरा पडलेला मला दिसला, आणि मावशीलाही तो दिसला असणार. तिने बेबिंकाची एक फोड कापली, सुरी तशीच त्यात उभी ठेवली, आणि ताटली वहिनीच्या आईसमोर धरून ती म्हणाली, “विहीणबाई, ही कशी खायची ते आमच्या मंडळींना ठाऊक नाही. तुम्ही सुरुवात केल्याशिवाय इथे कोणी घास घेणार नाही.”

विहीणबाईंचा मान झाला आणि कोंडी फुटली. त्यांनी घास घेतला, काकांनी बासुंदीचे बोळके उचलले, आणि मधुमेहाची सबब सांगून मघापासून लांब उभे असलेले एक गृहस्थ चिरोट्याचे तुकडे वेचताना दिसले. सात वाजून गेल्यावर थोड्या वेळातच परात रिकामी झाली. रात्री आवराआवर करताना मावशी वहिनीला म्हणाली, “अगं, रुखवताला हात लावायचा नसतो, हे या सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं आहे. तुझी मांडणी त्यांना तेच सांगत होती.” वहिनी हसली आणि म्हणाली, “मग पुढच्या वेळी मोडूनच आणते.” आता ती खरोखरच तसे करते. पाहुणे येण्यापूर्वीच ती चौरंगाची एक कड मोकळी सोडते, तिथे एक वडी अर्धी कापून ठेवते, आणि चिमटा व ताटल्या त्याच कडेला मांडते. आम्हा सगळ्यांच्या घरी आता हीच पद्धत आहे.

माझ्या बोलण्यातील महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून तीही दुसऱ्यांदा सांगते. मांडणी अखंड ठेवू नये. तिची एक कड मोडलेली असावी आणि पहिला घास कोणी घ्यायचा ते यजमानांनी आधीच ठरवावे. घरातील सर्वांत मोठ्या पाहुण्याच्या हातात भरलेली ताटली दिली, की बाकीच्यांना आग्रह करावा लागत नाही.

उरलेल्या सूचना थोडक्यात सांगते. ज्या पदार्थात अंडे किंवा शेंगदाणे आहेत, त्यापुढे तसे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आपल्याकडे संकोचापोटी पाहुणे विचारत नाहीत. लहान मुले असतील तर अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षे त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत, कारण ती घशात अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरून देता येतात. मिठाई विकत आणत असाल तर खरेदी करताना तारीख पाहावी. सुट्ट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे दुकानदारांना १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले आहे, पण ती पाटी वाचणारे गिऱ्हाईक मला क्वचितच दिसते. आपण भाजी घेताना भेंडीचे टोक मोडून पाहतो आणि खव्याची मिठाई मात्र डोळे मिटून घेतो.

समारंभ संपल्यावर उरलेले कोरडे पदार्थ त्याच रात्री घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावेत आणि निघालेल्या पाहुण्यांबरोबर बांधून द्यावेत. बासुंदी किंवा श्रीखंड आपला वेळ ओलांडून बाहेर राहिले असेल, तर ते कोणालाही बांधून देऊ नये, आणि मन घट्ट करून टाकून द्यावे. नमस्कार.