शस्त्र म्यान करण्याची विद्या

फलकावर विषय लिहिलाय तो असा: 'पिस्तूल बाळगण्याच्या पद्धती आणि प्रशिक्षणाची सक्ती'. दोन्हींवर बोलणार आहे. पण आधी एका क्रियापदाबद्दल बोलू द्या. गेली कित्येक वर्षं मी पिस्तूल हाताळायला शिकवतोय आणि माझा सगळा जीव त्यातच अडकलाय. आपल्या भाषेत तलवार उपसतात आणि तलवार म्यान करतात. दोन्ही कृतींना आपापला मानाचा शब्द आहे. पिस्तुलाच्या जगात मात्र सगळं कौतुक उपसण्याचं. किती झटकन काढलं, पहिली गोळी कितव्या सेकंदाला गेली, हे मोजायला खास टायमर मिळतात. परत ठेवताना टायमर बंद असतो आणि बघणाऱ्यांचं लक्षही उडालेलं असतं. मला भीती वाटते ती नेमकी त्या क्षणाची.

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांना प्लॅक्सिको बरेस आठवत असेल. फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या खेळाच्या मोसमातल्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटात न्यूयॉर्क जायंट्सला जिंकून देणारा झेल त्याचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये गेला. कमरेला ग्लॉक कंपनीचं पिस्तूल, होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान नाही, पँटच्या इलॅस्टिकमध्ये नुसतं खोचलेलं. ते निसटून पँटच्या पायातून खाली घसरायला लागलं, त्याने ते पकडायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. न्यूयॉर्कमध्ये चालणारा परवाना नव्हता, त्यामुळे दोन वर्षांची शिक्षाही झाली.

ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो, आणि ती त्याला नावं ठेवण्यासाठी नाही. या माणसाच्या हातांनी आयुष्यभर एकच गोष्ट घोटली होती, सुटलेली वस्तू झेलायची. तुमचे-माझे हातही तसेच आहेत. फोन निसटला की आपण विचार न करता झडप घालतो. चांगल्या स्थितीतलं आधुनिक पिस्तूल जमिनीवर पडून उडू नये अशीच त्याची रचना असते. ते झेलताना बोट चापात जातं आणि मग ते उडतं. म्हणून पडणारं पिस्तूल पडू द्यायचं. सुरी निसटली तर आपण पाय मागे घेतो ना, अगदी तसं. हे वाचून कळतं, पण हाताला कळायला सराव लागतो. मी बिनगोळीचं, रबरी पिस्तूल मुद्दाम पाडायला लावतो. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण ते झेलायला वाकतो.

आता म्यान करण्याकडे येतो. माझ्या एका वर्गात एक अतिशय सावध विद्यार्थी होता. नेम उत्तम, शिस्त उत्तम. थंडी होती म्हणून त्याने विंडचीटर घातलं होतं. त्याच्या कमरेच्या नाडीला तो प्लास्टिकचा मणी असतो बघा, नाडी आवळायचा. पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवताना ते मध्येच जरासं अडलं. त्याने जोर लावायला सुरुवात केली आणि मी ओरडलो, "थांब!" पिस्तूल वर काढून पाहिलं तर तो मणी चापाभोवतीच्या कड्यात, चापाच्या बरोबर पुढ्यात बसला होता. आणखी एक बोटभर रेटलं असतं तर गोळी मांडीत.

ग्लॉकच्या चापावर मधोमध एक छोटी पाती असते. ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही. लोकांना वाटतं, हीच आपली सुरक्षा. पण पाती बोटाने दाबली की मण्याने, हे पिस्तुलाला कुठून कळणार? अडीच-तीन किलोची ओढ मिळाली की काम झालं. बाहेर घोडा, म्हणजे मागच्या टोकाला आघात करणारी हातोडी, असलेल्या पिस्तुलावर ठेवताना अंगठा घोड्यावर धरता येतो. काही अडकलं तर घोडा अंगठ्याखाली उचलायला लागतो आणि कळतं. ग्लॉकसारख्या, बाहेर घोडा नसलेल्या पिस्तुलात ती सूचनाही नाही.

मी स्वतः जिथे शिकलो तिथे शिक्षक मागून ओरडायचे, "लवकर! आत टाका!" त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. काढायची घाई एक वेळ समजू शकते. परत ठेवण्याची घाई कोणासाठी? समोर धोका उरला नाही म्हणूनच तर ठेवताय. चापावरून बोट बाहेर, सरळ नळीच्या बाजूला. कपडा दुसऱ्या हाताने वर, छातीपर्यंत. होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी बघा. हळू सरकवा. अडलं तर रेटू नका, बाहेर काढा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. पद्धती भराभर सांगतो. कमरेच्या उजव्या बाजूला, हाडाच्या किंचित मागे, ही शिकायला सोपी जागा. पोटापुढे ठेवलं तर लपतं छान आणि निघतंही झटकन, पण नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या धमनीकडे असतं. पाठीच्या मध्यावर नको, पडलात तर कणा त्यावर आपटेल. खांद्याच्या आडव्या पट्ट्यात नळी मागे उभ्या माणसाकडे रोखलेली राहते. पर्स तर नकोच. २०१४ मध्ये आयडाहोत दोन वर्षांच्या मुलाच्या हाताने आईच्या पर्समधलं पिस्तूल उडालं आणि आई गेली. त्या पर्सला पिस्तुलासाठी चेनचा वेगळा कप्पा होता.

आता सक्ती. हा वाद सर्वांत तापलाय अमेरिकेत. व्हरमाँटने बाळगायला परवाना कधी मागितलाच नाही. टेक्सासमध्ये परवान्यासाठी वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा होती, १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याविनाही बाळगता येतं. २०२४ पर्यंत अशी २९ राज्यं झाली. उलट इलिनॉयने २०१३ च्या कायद्यात १६ तासांचं प्रशिक्षण घातलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ब्रुएन निकालात न्यूयॉर्कची परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची अट रद्द केली; त्यानंतर न्यूयॉर्कने १६ तास वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबार घातला. चेक प्रजासत्ताकात लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा आहेत.

सक्तीच्या विरोधातला एक मुद्दा मला मनापासून पटतो. तास आणि फी वाढली की गळतो तो गरीब माणूस, आणि धोका बहुतेकदा त्याच्याच वस्तीत असतो. म्हणून माझं म्हणणं असं: सक्ती हवी, पण फी सरकारने भरावी आणि वर्ग सुट्टीच्या दिवशी असावेत. सोळा तासांतले निम्मे कायद्याच्या कलमांत घालवू नयेत. परीक्षेत नेमाच्या कागदाला पडलेली भोकं मोजाच, पण त्याबरोबर त्या माणसाने नेहमीच्या कपड्यांत, रिकामं पिस्तूल वीस वेळा म्यान करून दाखवावं. एकदा जरी बोट चापात राहिलं किंवा शर्ट अडकला, तरी पुढच्या आठवड्यात परत या.

वेळ संपली. प्रश्न बाहेर घेतो. तिथे टेबलावर दोन रिकामी होल्स्टर ठेवली आहेत. एक जुनं मऊ कातड्याचं, एक कायडेक्स या कडक प्लास्टिकचं. दोन्हींच्या तोंडाची कड अंगठ्याने दाबून बघा. कातड्याची आत दुमडते ती जिथे टेकते, तिथेच चाप असतो.