निगेटिव्ह, पण फक्त आजच्यापुरतं

नमस्कार, श्रोतेहो. कोविडच्या साथीत रॅपिड अँटिजेन चाचणी घराघरांत पोहोचली. पण ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे लग्नाला जायला मोकळे’ हा समज तेव्हाही होता आणि आजही गेलेला नाही.

प्रयोगशाळेत होणारी आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढते, म्हणून थोडासा विषाणूही तिच्या नजरेतून सुटत नाही. रॅपिड चाचणी प्रती काढत नाही. ती विषाणूचं प्रथिन थेट पकडते, त्यामुळे नाकात विषाणू भरपूर असेल तरच चाचणीच्या पट्टीवर पॉझिटिव्हची रेघ उमटते. आणि माणूस इतरांना सर्वाधिक लागण देतो तोही याच दिवसांत. साथ रोखायची असेल, तर तीन दिवसांनी येणाऱ्या अचूक रिपोर्टपेक्षा पंधरा मिनिटांत मिळणारं उत्तर पुष्कळदा जास्त कामाचं ठरतं.

आता थोडं गणित. समजा, शंभर बाधितांपैकी सत्तर जण पकडणारी आणि शंभर निरोगी लोकांपैकी एकालाच चुकून पॉझिटिव्ह ठरवणारी चाचणी आहे. दहा हजारांच्या गावात एक टक्का, म्हणजे शंभर जण बाधित आहेत. त्यातले सत्तर सापडतील, तीस सुटतील आणि नव्याण्णव निरोगी माणसं उगाच पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह खोटे! त्याच गावात एक हजार बाधित असतील तर सातशे खरे आणि नव्वद खोटे. किट तेच, पण साथीचा जोर बदलला की रेघेचा अर्थ बदलतो. म्हणून कुठेही, कधीही, सरसकट चाचण्या करत सुटण्यात फारसा शहाणपणा नाही.

स्लोव्हाकियाने मात्र संपूर्ण देशाची तपासणी करून पाहिली. 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर 2020 या दोन दिवसांत साधारण 36 लाख लोक तपासले गेले आणि 38 हजारांहून अधिक पॉझिटिव्ह निघाले. बाधितांना आणि त्यांच्या घरच्यांना दहा दिवस घरात राहायचं होतं. निगेटिव्ह दाखला नसलेल्यांवरही फिरण्याची बंधनं होती. पुढच्या शनिवार-रविवारी 45 जिल्ह्यांत दुसरी फेरी झाली आणि तिथलं संसर्गाचं प्रमाण आठवडाभरात निम्म्याहून खाली आलं. अर्थात, शाळा वगैरे बंद असल्याचा वाटाही त्यात होता, हे विसरू नये. हिवाळ्यात तिथे पुन्हा मोठी लाट आली. एकदाच केलेली तपासणी वेळ मिळवून देते, त्यापलीकडे फार नाही.

आपल्याकडे जून 2020 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ही चाचणी प्रतिबंधित क्षेत्रं आणि रुग्णालयांसाठी मान्य केली, तेव्हाच एक अट घातली होती: लक्षणं असूनही निगेटिव्ह आलं, तर आरटी-पीसीआर करायचीच. मे 2021 मध्ये पुण्यात तयार झालेल्या घरगुती किटलाही मान्यता मिळाली, त्यालाही तोच नियम होता.

घरी चाचणी करताना घोळ होतो तो बहुतेक हातातच. किट फ्रिजमध्ये असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कॅसेटची, म्हणजे पट्टी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या डबीची, पिशवी शेवटच्या क्षणी फोडा, आपल्या पावसाळी हवेत पट्टी लवकर दमट होते. स्वॅब, म्हणजे नमुना घ्यायची बोळा लावलेली काडी, नुसता नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून भागत नाही; दोन ते चार सेंटिमीटर आत घालून दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा घोळवा. मग तो नळीतल्या द्रवात ढवळा आणि बाहेर काढताना नळी बाहेरून दाबून पिळून घ्या. थेंब माहितीपत्रकात लिहिलेत तेवढेच टाका. बुडबुडा थेंब म्हणून मोजला, तर द्रव कमी पडतो.

वेळेकडे लक्ष हवं. किटनुसार पंधरा ते तीस मिनिटांतच वाचा. त्या वेळेत उमटलेली फिकट रेघही पॉझिटिव्हच. तासाभराने उमटलेली रेघ मात्र धरायची नाही. आणि एक लक्षात घ्या: कंट्रोलची, म्हणजे चाचणी चालली हे दाखवणारी दुसरी रेघ आली, म्हणजे द्रव पट्टीवरून पुढे सरकला, एवढंच. स्वॅब नीट घेतला होता का, हे ती सांगत नाही.

लक्षणं असून निगेटिव्ह आलं आणि आरटी-पीसीआरची सोय लगेच होत नसेल, तर 48 तासांनी पुन्हा तपासा. तोवर मास्क लावा आणि घरातल्या वृद्धांपासून दूर राहा. वापरलेला स्वॅब, नळी आणि कॅसेट किटमधल्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि मगच हात साबणाने धुवा.