किती तारे, किती माइक

अमेरिकन संगीत-मासिकांवर बोलायचं म्हटलं की लोकांना 'रोलिंग स्टोन' ऐकायचं असतं. १९६७, सॅन फ्रान्सिस्को, पहिल्याच अंकावर जॉन लेनन वगैरे. २००८ पासून मुंबईतून त्याची भारतीय आवृत्तीही निघाली, त्यामुळे हे नाव आपल्याला परकं राहिलेलं नाही. आज मी ते बाजूला ठेवतो. मला बोलायचंय ते गाण्याला गुण देण्याबद्दल. कुणी मोजलं, कसं मोजलं आणि त्या मोजण्यात कोण सुटून गेलं, यात या मासिकांची खरी गंमत आहे.

सुरुवात 'बिलबोर्ड'पासून. १८९४ मध्ये सिनसिनाटीत ते निघालं तेव्हा त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नव्हता. भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्याचं ते पत्र! मग सर्कशी आल्या, जत्रा आल्या, नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायची यंत्रं म्हणजे ज्यूकबॉक्स आले. १९४० मध्ये त्यांनी दुकानांतल्या खपावरून रेकॉर्डची क्रमवारी छापायला घेतली. दोन वर्षांनी काळ्या श्रोत्यांसाठी निराळी यादी आली, 'हार्लेम हिट परेड'. हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती. तिथल्या मोजक्या दुकानांना विचारून ती यादी बनायची. १९४९ मध्ये याच यादीला 'रिदम अँड ब्लूज' हे नाव मिळालं. ते सुचवणारे जेरी वेक्सलर तेव्हा 'बिलबोर्ड'मध्येच नोकरीला होते. पुढचं ऐका. नोव्हेंबर १९६३ मध्ये ही यादी बंदच केली आणि जानेवारी १९६५ मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या वर्षभरात काळ्या श्रोत्यांना काय आवडत होतं, याची 'बिलबोर्ड'च्या पानांवर वेगळी नोंदच नाही.

आणि ही क्रमवारी ठरायची कशी? दुकानाला फोन करायचा. काउंटरवरचा माणूस सांगेल, पहिला अमका, दुसरा तमका. प्रती किती खपल्या हे विचारायचंच नाही. रेकॉर्ड कंपन्यांची माणसं त्याच काउंटरवाल्याला फुकट रेकॉर्ड देऊन खूश ठेवायची, हे सगळ्या धंद्याला ठाऊक होतं. मे १९९१ मध्ये 'बिलबोर्ड'ने अल्बमच्या यादीसाठी साउंडस्कॅनचे आकडे घेतले, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचून झालेली मोजणी. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट यादीच्या माथ्यावर. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्सचा कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या गाण्यांचा अल्बम आला तोच पहिल्या क्रमांकावर. चार महिन्यांत अख्ख्या अमेरिकेची आवड पालटली का? अहो, ही गिऱ्हाइकं आधीपासून दुकानात येत होती, पैसे मोजत होती. फोनवर बोलणाऱ्याच्या हिशेबात ती नव्हती, इतकंच.

आता जॅझ. 'डाउनबीट' १९३४ चं, शिकागोचं. हे माझं लाडकं मासिक, त्यामुळे थोडा पक्षपात होईल. तिथे समीक्षक रेकॉर्डला पाचपैकी तारे देतात. १९६२ च्या जानेवारीत सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या रेकॉर्डची दोन परीक्षणं एकाच अंकात छापली गेली. पीट वेल्डिंग यांनी पाचपैकी पाच दिले. जॉन टायनन यांनी शून्य. संपादकांनी सरासरी काढली नाही, सारवासारव केली नाही, दोन्ही मतं तशीच वाचकापुढे ठेवली. माझ्या मते त्या मासिकाची ही सर्वांत प्रामाणिक पानं.

त्याच मासिकात 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' चालायची. डोळ्यांना पट्टी वगैरे काही नाही. समीक्षक लेनर्ड फेदर एखाद्या वादकाला समोर बसवून नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवत आणि मत विचारत. हा खेळ त्यांनी आधी 'मेट्रोनोम' मासिकात सुरू केला होता. ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज स्वतः काळे. त्यांचा दावा होता की वाजवणारा गोरा की काळा, हे मी नुसतं ऐकून सांगेन. १९५१ मध्ये ते परीक्षेला बसले आणि इतक्या वेळा चुकले की त्यांनी हार मान्य केली. वेगळी यादी छापणाऱ्या 'बिलबोर्ड'शेजारी हा अंक ठेवून बघा. दुसरे ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस १९६४ मध्ये या परीक्षेला बसले तेव्हा त्यांनी एरिक डॉल्फी आणि सेसिल टेलर या जॅझवादकांच्या रेकॉर्डची अशी काही सालटी काढली की बोलायची सोय नाही. तेही छापलंच.

शेवटी हिप-हॉप. 'द सोर्स' १९८८ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी काढलं. आधी नुसतं एक पानी पत्रक, त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी. इथे ताऱ्यांऐवजी माइक. पाच माइक मिळणं म्हणजे पोरांच्या लेखी भारतरत्न! १९९४ मध्ये नास या रॅपरच्या पहिल्या अल्बमला ते मिळाले. त्याच मासिकाच्या 'अनसाइन्ड हाइप' सदरात १९९२ मध्ये ब्रुकलिनच्या एका तरुणाबद्दल छापून आलं, तेव्हा त्याच्याकडे रेकॉर्ड कंपनीचा करारही नव्हता. तो पुढे नोटोरिअस बी.आय.जी. या नावाने रॅपर म्हणून गाजला. पण १९९४ मध्येच मालकाने आपल्या मर्जीतल्या एका रॅप गटावरचा लेख संपादकांना न कळवता अंकात घुसवला. संपादक विभागातले बहुतेकजण नोकरी सोडून बाहेर पडले. ज्या हातांनी माइक वाटले जायचे तेच गेले. त्यांच्यापैकी दोघांनी १९९७ मध्ये 'एक्सएक्सएल' या नव्या मासिकाचं संपादन हाती घेतलं. तिथे ना तारे ना माइक. शर्टाची मापं असतात तसे गुण, स्मॉलपासून थेट एक्सएक्सएलपर्यंत.