मणक्यातला ‘गॅप’

नमस्कार. समोर बसलेल्या आक्का, मावश्या, काका आणि मागं दाराला टेकून उभी असलेली पोरं. ज्यांना जास्त वेळ बसवत नाही त्यांनी खुशाल उभं राहून ऐका. मध्येच उठा, दोन पावलं फिरा, परत या. कंबरदुखीवर बोलायचं आणि माणसांना तासभर एका जागी दाबून बसवायचं, हे मला पटत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत. आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता, हे इथं कुणाला सांगायला नको. आई चाळिशीत असताना एका हंगामात तिची कंबर धरली ती सुटलीच नाही. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात एमआरआय काढला. फिल्म उजेडासमोर धरून तिला सांगितलं, मणक्यात गॅप पडलाय, वजन उचललं तर अपंग व्हाल, ऑपरेशन करून घ्या. ऑपरेशनला पैसे नव्हते, म्हणून पट्टा आला. दोन वर्षं तो पट्टा तिनं अंगावेगळा केला नाही. घागर उचलणं बंद, वाकणं बंद, रानात जाणं बंद. दुखणं मात्र वाढतच गेलं. रात्री कूस बदलायलासुद्धा ती भ्यायची. “माझ्या मणक्यात भेग पडलीय गं,” म्हणायची. तिच्या मनात भिंतीला पडते तशी भेग होती.

त्या ‘गॅप’ शब्दापासूनच सुरुवात करू. माझ्याकडं येणारी दहातली आठ माणसं दुखणं सांगत नाहीत, गॅप सांगतात. “मॅडम, चौथ्या-पाचव्यात गॅप हाय.” आपल्या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात, काहीजण गादी म्हणतात. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं आणि चकती दिसतच नाही, तिथं काळी फट दिसते. ती फट प्रत्येकाला असते, असायलाच हवी. वय वाढतं तसं चकतीतलं पाणी कमी होतं, चकती बसते आणि ती फट अरुंद होते. म्हणजे आपण जिथं गॅप पडला म्हणतो, तिथं खरं तर अंतर कमी झालेलं असतं. मणके एकमेकांपासून सुटलेले नसतात. तिथं भेग नसते.

चकती झिजली म्हणजे दुखणारच, असंही नाही. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. पुन्हा सांगते, यातल्या कुणालाही दुखत नव्हतं. डोक्याचे केस पांढरे होतात, तशाच चकत्याही पिकतात. पांढऱ्या केसांचं ऑपरेशन कुणी करत नाही.

मग ऑपरेशन कधीच नको का? लागतं, आणि लागतं तेव्हा उशीर करायचा नाही. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, बसताना जो भाग खाली टेकतो तो बधिर झाला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी करून मोठा दवाखाना गाठा. पाऊल उचलेनासं झालं, चप्पल पायातून निसटायला लागली, तरी तेच. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर तपासणी हवीच, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडं आजही आढळतो आणि औषधं वेळेवर मिळाली तर बहुतेकांचा गोळ्यांनीच बरा होतो. अंगात कॅन्सर होऊन गेला असेल, पडून मार लागला असेल, त्यांनीही थांबू नये. पंचविशीच्या पोराची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर तो वाताचा एक वेगळा आजार असू शकतो. त्याला वेगळे उपचार आहेत, त्यालाही लवकर दाखवा.

हे सोडून जे उरतात ते फार मोठे. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ जणांच्या दुखण्यामागं असं एक ठराविक कारण सापडत नाही. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की त्याला जुनाट म्हणतात. तोवर मूळ लचक किंवा उसण बहुधा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था जास्तच सावध झालेली असते. वाड्यावर एकदा चोर येऊन गेला की कुत्रं पुढं महिनाभर पाचोळा हलला तरी भुंकतं. भुंकणं खरं असतं, चोर मात्र तिथं नसतो. तुमचं दुखणं खरंच आहे, मनाचा खेळ आहे असं मी कुणालाही म्हणणार नाही. त्या कुत्र्याला हळूहळू शांत करायचं, हाच जुनाट कंबरदुखीचा उपचार.

पायात मुंग्या, मांडीमागून पोटरीपर्यंत कळ, म्हणजे आपण नस दबली म्हणतो, त्यांनाही थोडं सांगते. सरकलेल्या चकतीचा तुकडा शरीर स्वतःच जिरवून टाकतं, पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांत. नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने अशी कळ सोसलेल्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ साली छापून आला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांनी थांबून पाहिलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली हे खरं. पण वर्ष संपलं तेव्हा दोन्हीकडचे ९५ टक्के लोक सुधारलेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना तोवर लागलं नाही. म्हणून कुणी “उद्याच टेबलावर घेऊ” म्हणालं आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील, तर “थांबलं तर काय होईल?” एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

आता थांबायचं म्हणजे करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या बिनऑपरेशनच्या उपचारांबद्दल मार्गदर्शन दिलं. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणून त्यांना हे करावं लागलं. त्यांनी काय करा सांगितलं: दुखणं समजून घ्या, व्यायाम, मसाज, शिकलेल्या हातांनी केलेली मणक्याची हाताळणी, मनाच्या ताणावरचे उपचार, गरजेपुरत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. आणि काय करू नका सांगितलं, ते ऐकून मी आईच्या खुंटीवर टांगलेल्या पट्ट्याकडं बघत राहिले होते. पट्टा नको. वजनं लावून कंबर ओढणं नको. विजेच्या चिमट्यांचं आणि ध्वनिलहरींचं मशीनही नेहमीच्या उपचारात नको. माझ्याच व्यवसायातली माणसं या मशिनींवर पंधरा-पंधरा दिवस बसवतात, रोजचे पैसे घेतात आणि व्यायाम मात्र शिकवत नाहीत. याची मला लाज वाटते आणि ती मी इथं बोलून दाखवते.

आईला मी काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी पट्टा सोडून तीन मिनिटं चाललो. दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. ती माझा दंड घट्ट धरून होती. दोन दिवसांनी चार मिनिटं. दुखणं दहात मोजायचं ठरवलं. चालताना ते चारपर्यंत चढलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं तिथं परत आलं पाहिजे. आलं नाही तर पुढचे दोन दिवस थोडं कमी चालायचं, बंद करायचं नाही. यात सगळ्यात अवघड असतो तो बरा दिवस. जरा बरं वाटलं की माणूस घरभराचं धुणं काढतं, दुसऱ्या दिवशी आडवं होतं आणि मग म्हणतं, व्यायामानं वाढलं. बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही, वाईट दिवशीही अगदीच शून्य नाही, एवढा एक नियम पाळायला तिला दोन महिने लागले.

चालण्याबद्दल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला ७०१ लोकांवरचा अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकतेच उठलेले लोक होते. एका गटाला आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत हळूहळू नेलं. दुसऱ्या गटाला काहीच उपचार दिले नाहीत. त्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परत उलटलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. बुटांशिवाय काही खर्च नाही, आणि आपल्याकडं तर चपलेवरही भागतं.

आता समोरच्या आक्का मनात म्हणत असतील, “आम्ही काय बसून ऱ्हातो का? सकाळपासून पाय थांबत नाहीत.” बरोबर आहे. पण कष्ट आणि व्यायाम एक नाहीत. कापूस वेचताना दिवसभर एकाच बाजूला वाकणं, कमरेला भरलेली ओटी, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं, थकलं तरी थांबता न येणं. कष्टात शरीराला तुमच्या मर्जीनं थांबता येत नाही. व्यायामात किती, कसं, कधी हे तुम्ही ठरवता, आणि दिवसभर जिकडं वाकलात त्याच्या उलट्या बाजूला शरीर नेता. खुरपून उठलात की कमरेवर दोन्ही हात ठेवून पाच-सहा वेळा मागं झुका. घरी उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचला, पूल करतो तशी. चार पायांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करा. योग जमत असेल तर उत्तम. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ३२० लोकांच्या अभ्यासात योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, ज्याला जे रोज जमेल ते त्यानं करावं.

तरीही एक गोष्ट कबूल करते. टनावर मजुरी असेल आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची असेल, तर “मोळी लहान बांधा” हा सल्ला देताना माझी जीभ अडखळते. कामाची रीत बदलली पाहिजे, ते एकट्या बाईच्या हातात नाही. जे हातात आहे ते सांगते. सायकल कोळपं उभ्यानं चालतं, जिथं पिकात शिरेल तिथं खुरप्याऐवजी ते वापरा. ओटी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. हंडा उचलताना तो अंगाजवळ घ्या, गुडघे वाकवा.

गोळ्यांचं मात्र घाईनं सांगून चालणार नाही. गिधाडं आठवतात का कुणाला? मोठ्या माणसांनी पाहिलेली असतील, मेलेल्या जनावरावर थव्यानं उतरायची. ती गेली कशानं? गुराढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या औषधानं. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आपल्याला ते थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, जेवणानंतर घेता येतं. पण मेडिकलमधून चार रंगांच्या गोळ्यांची पुडी आणायची, एप्रिलच्या उन्हात फडात पाणी न पिता काम करायचं आणि रोज संध्याकाळी ती पुडी घ्यायची, हे किडनीवर आणि पोटातल्या अस्तरावर थेट घाव घालणं आहे. त्या पुडीत पुष्कळदा स्टिरॉइडची गोळी असते. पहिल्या दिवशी जादू वाटते, पण साखर वाढते, हाडं पोकळ होतात आणि मग मणका खरंच पिचतो. ट्रामाडॉल या दुखणं मारणाऱ्या कडक गोळीची सवय लागते, म्हणून २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

पारंपरिक उपायांतला शेक मला मान्य आहे. वाळूची, मिठाची पुरचुंडी, गरम केलेलं रुईचं पान, बरं वाटतं, करा. फक्त चटका बसणार नाही, रुईचा चीक डोळ्यात जाणार नाही हे बघा. पायाळू माणसाकडून उसण उतरवून घेता, हलका पाय लावला तर माझी हरकत नाही, पण म्हातारीच्या पाठीवर लाथ नको. आणि तापल्या लोखंडाचा डाग तर कुणालाच देऊ नका. फळीवर झोपायची सक्तीही नको. २००३ च्या एका अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. ढिली झालेली बाज सोडा, जमिनीवर दोन वाकळी टाका.

आणि बायकांशी एक वेगळं बोलायचं आहे. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, एवढ्यावर आपल्या जिल्ह्यात किती जणींच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या! २०१९ मध्ये ते बाहेर आलं, सरकारला समिती नेमावी लागली. कंबर दुखते हे पिशवी काढायचं कारण नाही. पिशवीसोबत अंडाशयंही गेली तर तिशीतच हाडं झिजायला लागतात, म्हणजे ज्या कंबरेसाठी ऑपरेशन केलं तीच पुढं जास्त कमजोर होते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका.

कर्ज, नापिकी, घरातली भांडणं, तुटलेली झोप यांनी दुखणं चढतं. हे बोलायला लाज नको. १४४१६ या सरकारी फोनवर मनाच्या त्रासाबद्दल फुकट बोलता येतं, मराठीतही.

आई आता पासष्टीला आली. कंबर अजूनही अधूनमधून धरते, मी खोटं सांगणार नाही. धरली की ती म्हणते, “भुंकू लागलंय गं कुत्रं,” आणि देवळापर्यंत चालून येते. मागच्या पावसाळ्यात तिनं त्या पट्ट्याची दोरी करून शेळी बांधली.

बरं, खाली सतरंज्या टाकल्यात. पुढच्या दोन रांगांनी उठा, खुर्च्या मागं सारा. आक्का, तुम्ही या माझ्याजवळ. उताण्या झोपा, गुडघे दुमडा, तळवे जमिनीला. श्वास रोखू नका. आता कंबर हळूच वर.